यादोरावांचा चौदावा अध्याय

लाखनीच्या चर्चमधलं मेंढरू पुन्हा एकदा हरवलं, तेव्हा यादोरावांनी ठरवलं की आता आपण पुढे झालंच पाहिजे.

मेंढरू हरवण्याचं काम श्यामरावांकडे होतं. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भंडाऱ्याला राहत. त्यांच्याकडे बऱ्याच गावांच्या मंडळ्या, त्यामुळे लाखनीला ते महिन्यातून एकदाच येत. उरलेल्या रविवारी मंडळीतल्या जाणत्या माणसांनी आळीपाळीने उपदेश करायचा, असा रिवाज होता. श्यामरावांची पाळी आली की शंभरातलं एक मेंढरू रानात जाई. मेंढपाळ बाकीची नव्याण्णव सोडून निघे, काट्याकुट्यांत शिरे आणि शेवटी त्याला खांद्यावर टाकून घरी आणी. त्या वेळी श्यामराव आपला दुपट्टा मानेभोवती घेऊन दोन्ही टोकं मेंढराच्या पायांसारखी धरत. हा उपदेश मंडळीला इतका पाठ होता, की काटे आले की बायका पर्सची चेन लावत आणि मेंढरू सापडलं की पोरं चपला शोधायला उठत. इतक्या वेळा हरवणाऱ्या मेंढराची एकदा विभागीय चौकशी व्हायला हवी, असं यादोरावांचं स्पष्ट मत होतं.

यादोराव पंचायत समितीतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. शासन निर्णय वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कितीही कडक निर्णय त्यांच्यासमोर ठेवा, ते चष्मा पुसत, एकदा वरून खाली वाचत आणि त्यातला 'शक्यतो' किंवा 'स्थानिक परिस्थितीनुसार' असा एखादा शब्द बोटाने दाखवत. मग तो निर्णय पूर्णपणे पाळला जाई आणि काहीही करावं लागत नसे. अशा माणसाला शुभवर्तमानातली अवघड वचनं काय अवघड? लोक ज्यांच्यावरून डोळे मिटून पुढे जातात, नेमक्या त्याच वचनांवर आपण बोलायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. उपक्रमाला नाव दिलं 'कठीण वचनमाला'.

श्यामराव त्यांचे शेजारीही होते. त्यांनी कुंपणापलीकडून सल्ला दिला.

"देवानं कठीण वचनं कायले ठेवली असतीन, यादोराव? सोडून द्याले. परीक्षेत नाई का, पाचपैकी तीन सोडवा म्हणते."

पाळकसाहेबांना फोन केला तर ते प्रवासात होते. करा, चांगलं आहे, पण भांडण होऊ देऊ नका, एवढंच ते म्हणाले. यादोरावांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं मंजुरी म्हणून नोंदवून घेतलं.

पहिलं पुष्प निर्विघ्न पार पडलं. उजवा डोळा पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक, हे वचन होतं. यादोरावांनी समजावून सांगितलं की इथे डोळा म्हणजे डोळा नव्हे, दृष्टिकोन. हात म्हणजे हात नव्हे, कार्यपद्धती. उपटणे म्हणजे पुनर्विचार करणे. मंडळीतले सगळे दोन्ही डोळ्यांनिशी घरी गेले. म्हाताऱ्या गोदावरीबाईंनी दारात थांबवून कौतुक केलं, "लय भारी वचन होतं जी. पण तुमी बोलल्यावर त्यातलं काहीच राहिलं नाई." यादोरावांनी मान झुकवून त्याचा स्वीकार केला. ते बोलणं कौतुकाचंच आहे की कसं, हा विचार त्यांना शिवलाही नाही.

दुसऱ्या पुष्पापासून कुरबुर सुरू झाली. हंगाम नसताना अंजिराच्या झाडावर फळ शोधलं, ते नाही म्हणून झाडाला शाप दिला आणि झाड वाळून गेलं, असा तो प्रसंग. हंगाम नव्हता तर झाडाचा काय दोष, हा प्रश्न पाळकसाहेबसुद्धा टाळत. यादोराव टाळणाऱ्यांतले नव्हते. फळ न देता नुसती पानं मिरवणारी झाडं आपल्यातही आहेत, असं म्हणून त्यांनी बोट उंचावलं. बोट सभ्यतेने कोणा माणसाकडे न जाता खिडकीकडे गेलं. खिडकीबाहेर चर्चच्या आवारातला फणस उभा होता. आजवर त्याला एकही फणस लागला नव्हता.

त्या फणसामुळे आवारात मोटरसायकली लावता येत नाहीत, ही श्यामरावांची जुनी तक्रार होती. पुढच्या रविवारी मंडळी आली तर फणसाच्या जागी बुंधा होता, आणि बुंध्याला टेकून श्यामरावांची मोटरसायकल. श्यामरावांनी शांतपणे सांगितलं की ते फक्त वचनाप्रमाणे वागले. मंडळीत इतक्या वर्षांत वचनाप्रमाणे वागल्याचा हा पहिलाच लेखी पुरावा तयार झाला, कारण आठवड्याभरात विनापरवाना वृक्षतोडीबद्दल नोटीस आली. ती यादोरावांच्या नावे होती. श्यामरावांनी जबाबात म्हटलं होतं, की झाड तोडायला सांगणारा मी नव्हे, उपदेशक.

यादोराव नोटीस घेऊन कचेरीत गेले. उभी हयात ज्या बाजूला बसून लोकांना 'उद्या या' म्हटलं, त्याच्या नेमक्या उलट बाजूला उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. समोरचा कारकून तरुण आणि नको तितका नम्र होता. शाप तोंडी दिला की लेखी, असं त्याने विचारलं. यादोरावांनी सांगितलं की शाप आपण दिलेला नाही, तो फार पूर्वी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या झाडाला दिलेला आहे. कारकुनाने थोडा विचार केला. मग ते प्रकरण आमच्या हद्दीत येत नाही, पण फणस येतो, असं तो म्हणाला. शेवटी यादोरावांनी दंड भरण्याचं आणि नवीन झाडं लावण्याचं हमीपत्र दिलं आणि बाहेर येऊन ठरवलं की पुढचं वचन असं घ्यायचं, ज्यात तोडण्यासारखं काही नसेल.

असं वचन त्यांच्या मनात तयारच होतं. खरं तर, ते वचन त्यांना सोयीचं होतं. आता इथे मेघाच्या साखरपुड्याबद्दल सांगायला हवं.

मेघा ही यादोरावांची एकुलती एक मुलगी, भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. तिचं तिकडेच भुपेंद्र नावाच्या मुलाशी जमलं. मुलगा एक्स-रे काढायचा. त्याचे वडील जागेश्वर चिखल्याला मँगनीजच्या खाणीत होते. 'कंपनीत आहेत' एवढं ऐकून यादोरावांनी त्यांना मनातल्या मनात खुर्ची, टेबल आणि गाडी देऊन टाकली होती. अशा सोयऱ्यांसमोर आपली इज्जत कशी राहील, याच काळजीने त्यांची झोप उडाली होती. कार्यक्रम आटोपशीर हवा, माणसं निवडक हवीत, जेवण बफे हवं. आणि मुख्य म्हणजे आसगाव नको.

आसगावला त्यांचे थोरले भाऊ लक्ष्मणराव धानाची शेती करत. लक्ष्मणराव कार्यक्रमाला येत ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, सगळं खटलं घेऊन. पंगतीत भात संपला की पत्रावळीशेजारच्या जमिनीवर थापा मारत. पाहुणे जरा मोठे दिसले की धाकटा भाऊ लहानपणी म्हशीच्या शेपटीला धरून बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, कसा पडला होता, ती गोष्ट हटकून सांगत. ती गोष्ट यादोरावांनी नोकरीत कोणाला कळू दिली नव्हती.

पण न बोलावणार कसं? या भागात आवतण दोन प्रकारचं असतं. साधं आवतण म्हणजे घरातल्या एकाने यावं. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, म्हातारंकोतारं, लेकरंबाळं सगळ्यांनी यायचं. सख्ख्या भावाला चूलबंदच द्यावं लागतं. आणि एकदा दिलेलं चूलबंद परत घेता येत नाही. घेतलं तर देणाऱ्याच्या घरी अन्न शिजत नाही, असं म्हणतात. यादोराव अशा गोष्टी मानत नसत. फक्त कधी करून पाहत नसत.

म्हणून तिसऱ्या पुष्पाला त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडला. तू जेवण देशील तेव्हा मित्रांना, भावांना, नातलगांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते उलट तुला बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल, अशा अर्थाचं ते वचन. यादोराव त्या दिवशी असे बोलले, की चर्चच्या मागच्या टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसरसुद्धा बंद पडला. भाऊबंदांच्या पंगती म्हणजे उसनवारी आहे, ते म्हणाले. आज त्यांनी खाल्लं, उद्या तुम्ही खाल्लं. नातलगांना टाळणं कठीण आहे, मन तुटतं, पण वचनापुढे भाऊ काय आणि बहीण काय? 'श्रीमंत शेजारी' वाचताना त्यांनी श्यामरावांकडे पाहिलं. श्यामराव श्रीमंत म्हटल्यामुळे इतके सुखावले, की आपलं आवतण गेलं हे त्यांना घरी जाऊन उमगलं.

इथे एक तपशील नोंदवणं भाग आहे. ते वचन तिथे संपत नाही. यादोराव मात्र तिथे संपले. पुस्तक मिटून त्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले.

तो उपदेश कोणीतरी मोबाइलवर घेतला आणि तो दुपारच्या जेवणाआधी आसगावला पोचला. लक्ष्मणरावांचा निरोप आला, "वचन आयकलं. येत नाई." यादोरावांनी तो बायकोला वाचून दाखवला आणि थोरल्या भावाची श्रद्धा पाहून गहिवरल्यासारखं केलं.

 वचनात सुशीलाबाईंची लाखांदूरची बहीणही उडाली होती. त्यांनी फक्त विचारलं, मग आवतण द्यायचं तरी कोणाला? समोर त्या वेळी शेजारपाजारचे चारजण बसले होते, म्हणून यादोरावांना भारदस्त बोलावंसं वाटलं.

"जसं वचनात लिवलं आहे, तसंच."

सुशीलाबाईंनी हात धुतले, पदराने पुसले, कपाटावरचं पुस्तक काढलं आणि नवऱ्याने जिथे मिटलं होतं तिथून पुढे वाचलं. तर तू गरिबांना बोलाव, लुळ्यांना बोलाव, लंगड्यांना बोलाव, आंधळ्यांना बोलाव. बाई थांबल्या नाहीत. खाली मेजवानीचा एक दाखलाही होता. त्यात बोलावलेले लोक येत नाहीत, म्हणून घरधनी चाकराला म्हणतो, रस्त्यांवर जा आणि लोकांना आग्रह करून आण, माझं घर भरू दे. लाखनी हमरस्त्यावरच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छत्री घेतली आणि त्या बाहेर पडल्या.

यादोरावांना हे राजकुमारकडून कळलं. राजकुमारकडे मंडप आणि जेवणाचं काम होतं. तो काळजीच्या सुरात विचारत होता, की काकाजी, बफेच्या प्लेटी आणतो, पण कुबडीवाला माणूस एका हातात प्लेट धरून दुसऱ्या हातानं जेवन तं उभा कायच्या भरवशावर राहीन?

त्यांनी बायकोला गाठलं. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी न लपवता सगळं सांगितलं. बसस्थानकावर चणे-फुटाणे विकणारा आंधळा धनीराम आणि त्याच्या वस्तीतली सगळी घरं, तिथला पायाने अधू चांभार, उड्डाणपुलाखाली राहणारी दोन कुटुंबं, आणि ढाब्यावर त्या वेळी जे जे ट्रकवाले होते ते.

"साधं आवतण देल्लं ना?" यादोरावांनी विचारलं.

"चूलबंद," सुशीलाबाई म्हणाल्या. "वचनात साधं लिवलं नव्हतं."

ट्रकवाल्यांची चूल बंद करण्याचा अधिकार बायकोला कोणी दिला, हे त्यांनी विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या की तुम्हीच, चारचौघांत. मेघा भंडाऱ्याहून आली तेव्हा तिला वाटलं की बाबा खरंच असं करणार आहेत. तिने वडिलांकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. तशा नजरेने ती त्यांच्याकडे लहानपणी पाहायची, त्यांनी सायकलवर पुढे बसवलं की. त्यामुळे यादोरावांना खरं सांगता येईना. त्यांची खरी पंचाईत इथून झाली.

तरी त्यांनी एक प्रयत्न केलाच. शासकीय भाषेत ज्याला 'तूर्तास स्थगिती' म्हणतात, ती मागायला ते बसस्थानकावर धनीरामकडे गेले. धनीराम वयाने त्यांच्याहून मोठा, आवाजावरून गाड्या आणि माणसं दोन्ही ओळखणारा. यादोरावांनी खाकरताच तो उठून उभा राहिला.

"या साहेब, या. काल बाई आल्या होत्या. मले आजपावतर आवतणं लय आली जी. पंगत उठल्यावर या, असं. चूलबंद पयल्यांदाच आलं. नातीनं सदरा धुऊन ठेवला. मी म्हणलं, माय, अजून टाइम आहे. तं म्हणते, वाळू दे ना."

यादोरावांनी चण्यांची एक पुडी घेतली आणि ते घरी आले.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून मंडपात गर्दी. बफेचं टेबल बाजूला सरकवून राजकुमारने पट्ट्या अंथरल्या होत्या. चांभार सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. उड्डाणपुलाखालची लेकरं मंडपाच्या खांबाला धरून गोल गोल फिरत होती. एक ट्रकवाला शीख होता. त्याने हात धुतले, डोक्यावरची पगडी नीट केली आणि कोणी न सांगता पाण्याचे जग भरायला घेतले. चर्चची मंडळी एका बाजूला अंग चोरून बसली होती. श्यामराव आलेच होते. आवतण नसताना कसे आलात, असं यादोरावांच्या डोळ्यांनी विचारलं. मी आता श्रीमंत शेजारी नाही, झाडाचा दंड अर्धा मी भरला, असं श्यामरावांनी तोंडाने सांगितलं.

आणि चिखल्याहून पाहुणे आले. ते गाडीतून उतरले खरे, पण ती कंपनीची मजूर ने-आण करणारी जुनी बस होती. जागेश्वर पुढे आले, बसके, काळेसावळे, नखांच्या कडांत धुतल्यावरही न जाणारा काळा रंग. खुर्ची-टेबल गेलं. ते खाणीत खाली उतरणाऱ्या टोळीचे मुकादम होते. त्यांच्यामागून अख्खी कामगार वसाहत उतरली. यादोरावांनी ज्यांच्यापासून आसगाव लपवलं होतं, ते आसगावपेक्षा मोठ्याने बोलत होते.

जागेश्वरांनी मंडप पाहिला. पंगतीत बसलेले लोक पाहिले.  मोडली सोयरीक, यादोरावांना वाटलं.

"इवाई," जागेश्वर म्हणाले. इवाई म्हणजे व्याही. "भुपेंद्र सांगे, मुलीचे बाबा उपदेश करतेत. मले वाटलं, नुसते करत असतीन."

 यादोरावांनी नम्रतेने मान खाली घातली. घालताना आपल्याला नम्रता जमते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग टाळ्या झाल्या. मेघाने सर्वांत जोरात वाजवल्या. यादोरावांच्या मानेत ताठरपणा परत येऊ लागला. हे आपण आधीपासूनच असंच ठरवलं होतं, असं त्यांना हळूहळू आठवू लागलं.

पण प्रार्थना झाली, अंगठ्या झाल्या आणि मग जागेश्वरांनी इकडेतिकडे पाहिलं. वडीलधाऱ्यांची गळाभेट राहिली होती. मुलाकडचा थोरला आणि मुलीकडचा थोरला नारळ देऊन एकमेकांना भेटतात, तेव्हाच या भागात सोयरीक पक्की धरतात. मुलाकडून जागेश्वरांचे काका उभे राहिले. मुलीकडून कोणीच उठेना.

"तुमचे मोठे भाऊ नाई दिसत," जागेश्वर म्हणाले.

 वचनाप्रमाणे नाही बोलावलं, हे उत्तर तयार होतं. उपदेशात ते उत्तम वाटलं होतं. हातात नारळ घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासमोर मात्र ते तोंडातून निघेना. यादोरावांना एकदम वाटलं, की आत्ता मंडपाबाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला तर आपण स्वतः धावत जाऊन भावाला ट्रॉलीतून उतरवून घेऊ, म्हशीची शेपटी गेली खड्ड्यात. ट्रॅक्टर आला नाही.

सुशीलाबाई पंगतीतून चालत गेल्या आणि धनीरामला हाताला धरून घेऊन आल्या. "हे थोरले," त्या म्हणाल्या. कोणीच हरकत घेतली नाही. धुतलेल्या सदऱ्यातला धनीराम चिखल्याच्या म्हाताऱ्याला कडकडून भेटला, नारळ घेतला, दोनदा हलवून पाणी आहे का ते ऐकलं आणि सोयरीक पक्की झाली. यादोरावांच्या थोरल्या भावाची जागा अशी चणेवाल्याला गेली. त्यांनी पुन्हा मान खाली घातली, पण या खेपेला नम्रता जमत नव्हती.

जेवणं उत्तम झाली. पंगती उठतच राहिल्या आणि बसतच राहिल्या. निघताना धनीराम काठी टेकत यादोरावांकडे आला.

"साहेब, आता तं आपण सोयरे झालो. पुढच्या महिन्यात माझ्या नातीचं, अंजूचं लग्न आहे. तुमाले चूलबंद आवतण."

 वचन यादोरावांना पाठ होतं. गरिबांना बोलाव, कारण त्यांच्याजवळ तुझी फेड करायला काही नाही, फेड तुला पुढे स्वर्गात मिळेल. ज्याच्याजवळ फेड करायला काही नाही असं लिहिलेलं होतं, तो समोर उभा राहून फेड करत होता. म्हणजे इथला खर्च झाला, इज्जतीचं जे व्हायचं ते झालं, आणि आता स्वर्गातलं खातंही बंद. त्यांनी धनीरामला समजावलं की तुम्ही बोलावू नका, त्यात आपलं नुकसान आहे. धनीरामला वाटलं, साहेब आपल्या खर्चाची काळजी करत आहेत. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "अशी माणसं नाई राहिली जी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

लग्नाच्या दिवशी यादोराव म्हणाले की अंगात कणकण आहे. सुशीलाबाई म्हणाल्या, पडून राहा, पण घरी चूल पेटणार नाही, चूलबंद आहे. दुपार कलल्यावर कणकण गेली आणि भूक आली.

वस्तीकडे जाताना त्यांनी विचार केला. महिनाभरात त्यांची पत घसरली होती. श्यामराव भेटेल त्याला धनीरामच्या नारळाची गोष्ट सांगत. आसगावहून शब्द नव्हता. हे सगळं एका फटक्यात सावरेल असं काही हवं होतं, आणि ते त्यांना त्याच चौदाव्या अध्यायात सापडलं, आवतणाच्या वचनाच्या जरा वर. जेवायला बोलावलं तर मानाच्या जागी बसू नकोस, शेवटच्या जागी जाऊन बस. मग यजमान येईल, म्हणेल, मित्रा, वर येऊन बस, आणि सगळ्यांदेखत तुझा मान होईल. या वचनात काही तोडायचं नव्हतं, कोणाला टाळायचं नव्हतं. फक्त बसायचं होतं. यादोरावांना आश्चर्य वाटलं की हे त्यांनी आधीच कसं घेतलं नाही. त्यांनी सुशीलाबाईंना बजावलं, तू काही बोलायचं नाही, यजमानानेच बोलवायला हवं.

मंडपात वरच्या टोकाला जागेश्वर बसले होते. शेजारी श्यामराव. आणि त्यांच्या शेजारी, पाय पसरून, लक्ष्मणराव. बाहेर ट्रॅक्टर उभा होता. धनीरामने आसगावलाही चूलबंद पाठवलं होतं. सोयऱ्याचा भाऊ म्हणजे सोयराच. लक्ष्मणराव काहीतरी सांगत होते आणि जागेश्वर हसून हसून डोळे पुसत होते. म्हशीचं नाव ऐकू आलं.

यादोराव कोणाकडे न बघता शेवटच्या जागी, पाण्याच्या ड्रमाच्या आडोशाला जाऊन बसले. पत्रावळीवर आलू-वांग्याची भाजी आली, पुरी आली, बुंदी आली. भात दोन पत्रावळी आधी संपला, तो आणायला वाढपी मागे गेला. यादोराव पाठ ताठ ठेवून वाट पाहत राहिले.

धनीराम काठी टेकत पंगतीतून येत होता. प्रत्येकापाशी थांबून विचारत होता, पोटभर जेवा, काही कमी-जास्त? माणूस बोलला की त्याला नावाने ओळखत होता. तो ड्रमापाशी आला. यादोरावांच्या समोर थांबला. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला असता तरी पुरला असता. सगळी लाखनी त्यांचा आवाज ओळखत होती. पण वचनात आधी यजमान बोलतो. यादोरावांनी श्वास रोखून धरला. आयुष्यात बोलण्याची संधी त्यांनी पहिल्यांदाच सोडली होती.

धनीराम वळला आणि वरच्या टोकाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "यादोराव साहेब नाई आले वाटते."

"आले असते तं समजलं नसतं का?" श्यामराव घास गिळत म्हणाले. "यादोराव येईन आन गप बसन, असं झालं का कधी?"

हे सगळ्यांना पटलं. लक्ष्मणरावांनी जमिनीवर थापा मारल्या आणि त्याच्यासाठी थांबू नका, भात आणा, असं सांगितलं. बायकांच्या पंगतीतून सुशीलाबाईंनी ड्रमाकडे पाहिलं. नवऱ्याची ताकीद त्यांना आठवत होती. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आणखी थोडी बुंदी मागितली.

भात आला. तो वरच्या टोकापासून वाढत आणला आणि ड्रमाच्या अलीकडे पुन्हा संपला. यादोराव पत्रावळीवरच्या भाताच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. शंभरातली नव्याण्णव जेवत होती. श्यामरावांच्या त्या मेंढराबद्दल त्यांना पहिल्यांदाच थोडी माया वाटली. ते निदान ओरडलं तरी असेल.